अत्यवस्थ रुग्ण घासाघीस कशी करणार?

सलाईनच्या नळीला जोडायची, तीन बाजूंनी उघडणारी प्लास्टिकची एक छोटी तोटी. रुग्णालयाने ती घेतली ५ रुपये ७७ पैशांना आणि रुग्णाच्या बिलात लावली १०६ रुपयांना. नफा १,७३७ टक्के. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘एनपीपीए’ या केंद्रीय प्राधिकरणाने दिल्ली-एनसीआरमधल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये हा आकडा बाहेर आला. या तपासणीतली अधिक गंभीर बाब पुढेच होती. छापील कमाल किमतीचा नियम मोडण्याची रुग्णालयांना गरजच पडत नव्हती. मोठ्या खरेदीच्या जोरावर माल स्वस्तात मिळत होता आणि वेष्टनावरची किंमत मात्र चढी छापलेली असे. बाजारात दुकानदाराने असे केले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला शेजारचे दुकान नसते. म्हणून तातडीच्या उपचारांचे दर रुग्ण दारात येण्याआधीच कायद्याने ठरलेले असले पाहिजेत. तो एकदा आत गेला की भाव ठरवायला दुसरी बाजू उरतच नाही.

रुग्णालयाच्या दाराचा प्रश्न आपल्या न्यायव्यवस्थेने बराच आधी हाती घेतला. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले की, जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्यानेही अत्यवस्थ रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली. बिलाच्या खिडकीवर मात्र असे संरक्षण पोहोचलेच नाही. या कायद्याच्या २०१२ च्या नियमांत दर ठळकपणे लावावेत आणि केंद्राने राज्यांशी सल्लामसलत करून ठरवलेल्या मर्यादेतच आकारावेत, असे म्हटले आहे. त्या मर्यादाच वर्षानुवर्षे ठरल्या नाहीत. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सुनवावे लागले की, दर ठरवा, नाहीतर तोवर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे दर लागू करण्याचा विचार करू. दिल्लीची अडचण आणखी वेगळी. हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांनी हा केंद्रीय कायदा स्वीकारला, पण दिल्लीतली खासगी रुग्णालये १९५३ च्या नर्सिंग होम कायद्याखाली चालत आली. द्वारकेहून गुरुग्रामला किंवा मयूर विहारहून नोएडाला निघालेली रुग्णवाहिका अर्ध्या तासात राज्याची हद्द ओलांडते आणि तेवढ्यात रुग्णाला लागू असलेला कायदाही बदलतो.

त्या हद्दीवरची एक घटना अनेकांना आठवत असेल. २०१७ मध्ये डेंग्यूने अत्यवस्थ झालेल्या सात वर्षांच्या मुलीला द्वारकेतल्या रुग्णालयातून गुरुग्रामच्या फोर्टिसमध्ये हलवण्यात आले. सुमारे दोन आठवड्यांच्या उपचारांनंतर ती दगावली. बिल झाले होते जवळपास १६ लाख रुपये, आणि त्यात शेकडो सिरिंज व हजारोंच्या संख्येने हातमोजे होते. उपचारांचे सर्व निकष पाळले आणि २० पानांचे तपशीलवार बिल कुटुंबाला निघताना समजावून दिले, असे रुग्णालयाने सांगितले. हे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले तरी मूळ दुखणे त्यातच दिसते. हिशेब समजावला जातो तो निघताना, खर्च होऊन गेल्यावर. कोणती वस्तू किती लागणार, तिचा दर काय, स्वस्त पर्याय आहे का, हे विचारायची वेळ तोवर टळून गेलेली असते. आणि मूल व्हेंटिलेटरवर असताना हातमोज्यांचे भाव विचारण्याचे भान कोणत्या आईबापांना राहील?

‘दर बांधले तर रुग्णालये बंद पडतील,’ हा पहिला आक्षेप. तो हलक्यात घेण्यासारखा नाही. चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका ठेवणे, यंत्रे चालू स्थितीत ठेवणे, महानगरातल्या जागेचा बोजा पेलणे, हे सारे खर्चाचे आहे. पण याची परीक्षा याच दिल्लीत एकदा झाली आहे. जून २०२० मध्ये कोविडची लाट चढत असताना व्हेंटिलेटरसह आयसीयूसाठी खासगी रुग्णालये दिवसाला ४४ ते ५४ हजार रुपये घेत होती आणि पीपीई किटचे पैसे वेगळे. डॉ. व्ही. के. पॉल समितीच्या शिफारशीनंतर हा दर पीपीईसकट १५ ते १८ हजारांवर आणला गेला. महाराष्ट्राने त्याआधीच मे महिन्यात खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी साधा कक्ष ४,००० रुपये, आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटर ९,००० असे दिवसाचे दर बांधले होते आणि बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले होते. पळवाटा निघाल्या, तक्रारी आल्या, काही रुग्णांना जादा घेतलेले पैसे परतही मिळाले. रुग्णालये मात्र चालू राहिली. साथीत जे जमले ते हृदयविकाराच्या झटक्यासाठी किंवा मेंदूतल्या रक्तस्रावासाठी जमणार नाही, असे मानायला आधार नाही. लहान आणि मोठ्या रुग्णालयांसाठी वेगळे दर ठेवा, ते दरवर्षी सुधारा. पण दर असू द्या.

दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे. अत्यवस्थ रुग्णाचे पुढे काय होईल हे डॉक्टरलाही सांगता येत नाही, मग बिलाचा अंदाज कसा देणार? खरे आहे, आजाराचा दर ठरवता येत नाही. पण आयसीयूच्या एका दिवसाचा, व्हेंटिलेटरच्या एका दिवसाचा, एका सीटी स्कॅनचा दर ठरवता येतो. प्रकृती पालटली की नवा अंदाज लेखी देता येतो. औषधे आणि वापरून टाकायच्या वस्तूंवर खरेदी किमतीच्या किती टक्के नफा घ्यायचा, हेही ठरवता येते. दिल्ली सरकारच्याच मे २०१८ च्या मसुद्यात असा नफा ५० टक्क्यांवर रोखण्याची सूचना होती, पण तिला बंधनकारक कायद्याचे रूप मिळाले नाही. इथे एक सावधगिरी हवी. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमती बांधल्या, औषधी थर असलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला, आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या की रुग्णालये उरलेली वसुली अँजिओप्लास्टीच्या इतर आकारांतून करत आहेत. एका वस्तूचा भाव दाबला की बोजा दुसऱ्या ओळीत सरकतो. म्हणून खाट, तपासण्या, औषधे आणि डॉक्टरांची फी या सगळ्यांची मर्यादा एकत्रच घातली पाहिजे.

‘विमा वाढला की प्रश्न आपोआप सुटेल,’ असेही म्हटले जाते. विम्याने मोठा आधार मिळतो यात शंका नाही. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कॅशलेस मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन घातले, हेही चांगले झाले. पण अनेक पॉलिसी हातमोजे-सिरिंजसारख्या वस्तूंचे पैसे देत नाहीत. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली तर इतर आकारांतही कपात होते. विम्याने नाकारलेली रक्कम शेवटी कुटुंबाच्या माथी येते. शिवाय दर बेलगाम असतील तर विम्याचा हप्ताही चढतच जाणार. राहता राहिली रुग्णालयांची रास्त भीती, की पैसे न देताच रुग्ण निघून गेला तर? तो भार त्यांच्यावर टाकू नये. राजस्थानच्या २०२३ च्या आरोग्य हक्क कायद्याने अशी भरपाई सरकारने करावी असे म्हटले. डॉक्टर रस्त्यावर उतरले, कारण सरकारी पैसे वेळेवर मिळतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा भरपाईला मुदत हवी आणि मुदत चुकली तर व्याज हवे. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने मे २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार लागू केले आहेत. अपघातात मोडलेल्या हाडाला जे संरक्षण मिळते, ते घरात छातीत कळ येऊन कोसळलेल्या माणसाला का मिळू नये?

अमेरिकेसारख्या बाजारवादी देशानेही हे मान्य केले आहे. तिथे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, तातडीच्या वेळी विमा कंपनीच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तरी रुग्णाकडून यादीतल्या रुग्णालयाइतकाच वाटा घेता येतो. उरलेल्या रकमेचा वाद रुग्णालय आणि विमा कंपनी यांनी आपसांत मिटवायचा असतो. एनसीआरलाही असा एकच नियम हवा. तीन राज्ये एकत्र येणार नाहीत ही सबब चालणार नाही. हवेच्या प्रदूषणासाठी २०२१ च्या कायद्याने संपूर्ण परिसरासाठी एक आयोग नेमला आणि त्याचे निर्बंध दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडात एकाच दिवशी लागू होतात. तशाच अधिकाराने तातडीच्या उपचारांच्या पहिल्या ७२ तासांचे बांधलेले दर, वस्तूंवर खरेदी किमतीशी जोडलेला नफा, रोजच्या रोज लेखी अंदाज आणि रुग्णालयाबाहेरच्या यंत्रणेकडून बिलाची तपासणी, एवढे चार नियम आधी करावेत. बिलाचा वाद मिटेपर्यंत रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवण्यावर दंडाची तरतूद असावी. डॉक्टरांचा मानही यातच राखला जाईल, कारण त्या क्षणी त्यांना पैशांची चौकशी न करता फक्त रुग्ण पाहता येईल.