मांगूर : धोका बीजातही आहे

‘मांगूर खाल्ला तर कॅन्सर होतो का हो डॉक्टर?’ ओपीडीत हा प्रश्न हमखास येतो. माशाच्या जातीमुळे कॅन्सर होतो, असा पुरावा नाही. मासा कोणत्या पाण्यात वाढला, त्याला कत्तलखान्याचा कचरा खाऊ घातला का, हे मात्र जरूर पाहावे. पण या घाणीच्या चर्चेत दुसरा धोका मागे पडतो.

‘थाई’ म्हणवला जाणारा मांगूर मूळचा आफ्रिकेतला. केंद्राने २००० साली त्यावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात साठे नष्टही केले गेले. आपला गावठी मांगूर त्याचा चुलतभाऊ, पण दोघांचा संसार अगदी निराळा. आफ्रिकन काही महिन्यांत किलोभर होतो, लाखाच्या घरात अंडी उधळतो आणि निघून जातो. गावठी मांगूर वर्षभरात जेमतेम शे-दोनशे ग्रॅमचा. पावसाळ्यात भातखाचराच्या बांधाशी बिळात मोजकी काही हजार अंडी घालायची आणि नराने त्यांची राखण करायची, ही त्याची रीत. निसर्गात त्यांचे सूत सहसा जुळले नसते.

बीजकेंद्रात संप्रेरकाचे इंजेक्शन दिले की हे अंतर मिटते. मांगूर नराचे वीर्य दाबून निघत नाही, त्याला चिरावे लागते. गावठी नरातून मिळते थेंबभर, आफ्रिकन नरातून अनेक माद्यांना पुरेल इतके. म्हणून मादी गावठी आणि नर आफ्रिकन, हा व्यापारी हिशेब. पिल्ले झपाट्याने वाढतात, भाव गावठीचा मिळतो.

थायलंडमध्ये तिथल्या स्थानिक मांगुराशी असाच संकर सर्रास झाला. पुढे नदी-तळ्यांतल्या स्थानिक माशांतही आफ्रिकन जनुके सापडली. आपला मांगूर तर आंतरराष्ट्रीय यादीत आधीच ‘संकटग्रस्त’ आहे. कामणसारख्या गावात पहिल्या पावसाला तळी फुटून पाणी खाचरांत आणि ओढ्यांत एक होते. वलगणीच्या त्या दिवसांत संकरित मासा बाहेर पडला, तर त्याला परत गोळा कोण करणार?

तळी उपसून मासे पुरणे हा माझ्या मते अर्धाच इलाज. तपासणी बीजकेंद्रावर, जनुकीय चाचणीने व्हायला हवी. कारण बोटभर पिल्लू पाहून संकर ओळखणे जाणत्यालाही कठीण. बाजारातले काम त्यामानाने सोपे : दोन किलोचा मांगूर कोणी ‘गावठी’ म्हणून विकत असेल, तर तो गावठी नाही.