ठेकेदाराचा सत्कार व्हायलाच हवा

अमेरिकेत बांधकाम ठेकेदारांची १९१८ सालची एक मोठी संघटना आहे, 'असोसिएटेड जनरल कॉन्ट्रॅक्टर्स'. अवघड कामे तडीस नेणाऱ्या ठेकेदारांना ती 'बिल्ड अमेरिका' पुरस्कार देते. साइटवरच्या अडचणीतून वाट कशी काढली, हे त्यात पाहिले जाते. अशी स्पर्धा महाराष्ट्रातही घ्यावी असे म्हटले, की लगेच सवाल येतो: कामाचे पैसे घेतले, वर हारतुरे कशाला?

पैसे कशाचे दिले ते आधी पाहू. पात्रतेची चाळणी झाली की निविदेत उरतो तो दर. ज्याचा दर कमी, त्याचे काम. डोके चालवण्याला त्यात रकाना नाही. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवलचा पूल घ्या. लांबी ४२४ मीटर, उंची सुमारे ६४ मीटर. एवढ्या खोल दरीत तळापासून सेंटरिंग उभारायचे कसे? म्हणून काठावरच एकेक तुकडा ओतला, आधीच्या तुकड्याला जोडला आणि तयार झालेला सगळा भाग जॅकने खांबांवरून पुढे सरकवत नेला. भारतात ही रीत पहिल्यांदा तिथे वापरली गेली. गाडीतून दरी पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? अशी युक्ती लिहून ठेवली नाही, तर मुकादमाबरोबर निवृत्त होते. स्पर्धेचा अर्ज ती लिहायला लावतो. मला पुरस्कार हवा आहे तो मुख्यतः यासाठी.

ठेकेदारच ठेकेदारांना निवडतील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय परीक्षक बदलण्याचा. स्पर्धा गुंडाळण्याचा नव्हे.

खरा जड आक्षेप वेगळाच. आधी घोळ घालायचा, मग तो निस्तरल्याबद्दल शाल घ्यायची! अंधेरीत २०२४च्या फेब्रुवारीत गोखले पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाची पातळी तिला जुळतच नव्हती. मुंबई चेष्टा करत राहिली. पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्याने बर्फीवाला पूल जॅकने उचलून जोडला गेला. आधीच उभा असलेला पूल उचलणे हे कसबाचेच काम, ते करणाऱ्या हातांचे कौतुक व्हायलाच हवे. पातळी चुकवणाऱ्याला मात्र त्या कौतुकात वाटा नको. म्हणून अर्जातला पहिला प्रश्न असावा: अडचण कोणामुळे आली?

निकालही फीत कापल्याच्या वर्षी नको. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने भुसभुशीत मातीमुळे बांधणाऱ्यांचा अंत पाहिला होता; २०२४च्या जुलैत तिथेच पाणी आले आणि गाड्या थांबल्या. चार-पाच पावसाळे काढलेले कामच स्पर्धेत घ्यावे.

आणि ज्या साइटवर माणूस दगावला, तिचा अर्ज बाद व्हावा, युक्ती कितीही देखणी असली तरी. कोकण रेल्वे बांधताना गेलेल्या कामगारांचे स्मारक रत्नागिरीत आहे. माझ्या या अटीत त्या मार्गावरची काही नामांकित कामेही बसणार नाहीत. तरी ही अट मी सोडणार नाही.