‘वनस्पतिजन्य’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे

वनस्पतिजन्य कीटकनाशक निर्धोकच असणार, हा समज शेतकऱ्यांप्रमाणेच काही विस्तार कार्यकर्त्यांतही दृढ झाला आहे. तो तपासण्यासाठी जमालगोट्याचे (क्रोटन टिग्लियम) उदाहरण पुरेसे आहे.

एरंड कुळातील या लहान वृक्षाच्या बीला आयुर्वेदात जयपाळ, तर चिनी वैद्यकात ‘बादोउ’ म्हणतात. तेथे ती तीव्र रेचक म्हणून वापरली जाते. मात्र ‘शन्नोंग बन्चाओ जिंग’ या प्राचीन ग्रंथानेच तिची गणना विषारी द्रव्ये असलेल्या कनिष्ठ वर्गात केली आहे. पोटात देण्यापूर्वी बी वाटून तिच्यातील तेल कमी केले जाते. चिनी औषधकोशानुसार या शोधित चूर्णात तेल १८ ते २० टक्के असावे लागते. मात्रा केवळ ०.१ ते ०.३ ग्रॅम असून गर्भवतींना ते वर्ज्य आहे. १९८८ च्या चिनी नियमावलीत कच्ची बी २८ विषारी पारंपरिक द्रव्यांमध्ये समाविष्ट आहे. भारतातही औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये जयपाळाची नोंद विषारी द्रव्य म्हणून आहे.

या दक्षतेला ठोस कारण आहे. बीच्या तेलातील फॉर्बॉल एस्टर त्वचेवर दाह व फोड निर्माण करतात. कर्करोगजनक द्रव्य लावलेल्या उंदराच्या त्वचेवर हे तेल वारंवार लावल्यास गाठींची वाढ होते, हे बेरेनब्लम यांनी १९४१ मध्ये दाखवले. ही बी मासे मारण्यासाठीही वापरली जात आली आहे. म्हणजेच तिचे विष किडीपुरते थांबत नाही; फवारणाऱ्याचे हात आणि शेजारचे तळे यांनाही त्याची झळ पोहोचते.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ते सुरक्षितच, असा युक्तिवाद केला जातो. प्रत्यक्षात परंपरेने या बीबरोबर तिचे शोधन, मात्रा आणि निषेधही जपले. घरगुती अर्काच्या प्रसारात मात्र कृती तेवढी पुढे जाते आणि मोजमाप मागे राहते. परिणामी एकाच कृतीचा अर्क एकदा निष्प्रभ, तर एकदा घातक ठरू शकतो.

रासायनिक कीटकनाशकांवरील भार हलका करण्यासाठी वनस्पतिजन्य पर्याय हवेतच. तथापि सक्रिय घटकाचे प्रमाण, हातमोजे व मुखपट्टीचा वापर, जलस्रोतापासूनचे अंतर आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ सांगितल्याविना कोणत्याही विषारी बीच्या अर्काची शिफारस होऊ नये. रुग्णासाठी ग्रॅमच्या दशांशापर्यंत पाळली जाणारी काटेकोरता फवारणी करणाऱ्याच्याही वाट्याला आली पाहिजे.