पोर शाळेत जात नाही, बोल मात्र आईला

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांच्या तोंडून एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते : "पोराला तूच बिघडवलंस." नवरा म्हणतो, सासू म्हणते, शाळेतल्या बाईही म्हणतात. मूल शाळेला जायला तयार नाही, म्हणजे आईचे लाड, नाहीतर आईची नोकरी. दोन्हींपैकी काहीही चालते.

स्वमग्न, अतिचंचल किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला शाळेचा त्रास कसा होतो, हे ती आई रोज पाहत असते. दप्तर दिसले की पोटात दुखते, उलटी होते. रविवारी दुखत नाही, म्हणून ते ढोंग ठरते. पण भरल्या वर्गातला पाढ्यांचा गजर, घंटा, गणवेशाची टोचणारी कॉलर, फळ्यावरचे उतरवून घेताना मागे पडणारा हात आणि त्यावर वर्गाचे हसणे. रोज हे सोसणाऱ्याचे पोट दुखणारच. काही मुले, त्यातही मुली, शाळेत मुकाट बसतात आणि घरी आल्यावर फुटतात. शाळा सांगते, "आमच्याकडे तर ती गुणी आहे." झाले, दोष पुन्हा घराचा! मुलीचे गप्प बसणे हा आपल्याकडे गुणच, त्यामुळे तिची अडचण कित्येक वर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही खोड केवळ अडाण्यांची नाही. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात स्वमग्नतेचे मूळ आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणात शोधले होते. शास्त्राने ते केव्हाच खोटे ठरवले. आपल्या सासवांनी बेटलहाइम वाचलेला नाही, तरी निकाल तोच.

कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. अतिचंचलतेला मात्र स्वतंत्र जागा नाही. पण दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभी कोण राहते? कुणाचा रोज बुडतो? मूल घरी राहू लागले की नोकरी सुटते ती कुणाची? म्हणून "हे अपंगांचे काम करणाऱ्या संस्था बघतील" असे आपल्या बैठकीत कुणी म्हटले की मला राग येतो. बाईच्या फुकट राबण्याचा हिशेब आपण इतकी वर्षे मांडत आलो, त्यात ही ओळ कुठे आहे?

त्याच शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्यांना सहीपुरते बोलावतात. पुढच्या सभेला गटातल्या दोघीतिघींनी त्यांच्या सोबतीला जावे आणि विचारावे, महिनाभर गैरहजर असलेली मुले कोणती आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले? शिपायाच्या हाती नाव कमी करण्याची चिठ्ठी पाठवली असेल, तर ते जाऊन येणे धरायचे नाही.