आगमनकाळ, पन्नासांची मर्यादा आणि परगावी गेलेला धर्मग्राम

२०२० च्या आगमनकाळाला पाच वर्षे उलटून गेली. त्या वेळचे निर्बंध आता स्मरणातूनही पुसट होऊ लागले आहेत. तथापि त्या चार आठवड्यांनी नांदेड आणि लातूर परिसरातील आपल्या धर्मग्रामांपुढे जो प्रश्न ठेवला, त्याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही, असे आम्हांस वाटते. चर्चच्या दारात माणसे मोजावी लागली, तेव्हा आपण धर्मग्रामात कोणाकोणाची गणना केली?

मार्च २०२० च्या अखेरीस प्रार्थनास्थळे बंद झाली. त्या वर्षीचा पवित्र सप्ताह आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण भाविकांविना पार पडला. राज्य शासनाने १६ नोव्हेंबर रोजी, दिवाळी पाडव्याच्या दिवशी, प्रार्थनास्थळांची दारे उघडण्यास अनुमती दिली आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, २९ नोव्हेंबरला, आगमनकाळास प्रारंभ झाला. त्या रविवारचे शुभवर्तमान संत मार्कचे होते. घरधनी प्रवासास निघताना द्वारपाळास जागे राहण्याची आज्ञा करतो, तो हा दाखला. एरवी हा द्वारपाळ प्रवचनापुरता उरतो. त्या वर्षी मात्र तो तापमापक आणि सॅनिटायझरची बाटली घेऊन चर्चच्या दारात खरोखरच उभा होता.

डिसेंबरच्या अखेरीस त्याचे काम अधिक कठीण झाले. २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्री अकरा ते पहाटे सहा संचारबंदी लागू झाली. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे महापालिकांची, त्यामुळे तेथील मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री होणे शक्यच नव्हते. पाठोपाठ गृह विभागाच्या सूचना आल्या: मिस्सेला पन्नासांहून अधिक माणसे नकोत, साठ वर्षांवरील ज्येष्ठांनी आणि दहा वर्षांखालील बालकांनी घरीच सण साजरा करावा, ३१ डिसेंबरची धन्यवादाची मिस्सा सायंकाळी सातला किंवा त्यापूर्वी व्हावी. आरोग्याच्या दृष्टीने या सूचना योग्यच होत्या. परंतु गव्हाणीभोवती जमणारी लेकरे आणि शिमोन-हन्नाच्या वयाची माणसे यांना वगळून नाताळ कसा दिसतो, हे आपण त्या वर्षी पाहिले.

रोमहून १६ डिसेंबरला आलेल्या आज्ञापत्राने नाताळच्या दिवशी एका धर्मगुरूने चार मिस्सा अर्पण करण्यास अनुमती मिळू शकेल अशी तरतूद केली. शहरात तिचा उपयोग होता. जेथे एकाच फादरांवर दूरदूरच्या वाड्या-वस्त्यांचा भार आहे, तेथे अडचण मिस्सांच्या संख्येची नसते, वाटेतल्या अंतराची असते. मग उरला मोबाइलचा पडदा. वसई-मुंबईची मराठी मिस्सा नांदेडच्या घरात दिसू लागली, ही सोय लहान नव्हे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती आजही वरदान आहे. तरीही कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी १५ ऑगस्ट २०२० च्या पत्रात बजावले होते की, कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये भाविकांविना आणि साक्रामेंतांविना चालणाऱ्या ख्रिस्तसभेचा धोका सांगितला होता.

येथवरची चर्चा पुष्कळांनी केली आहे. आमचा मुद्दा थोडा निराळा आहे. मराठवाड्यात आगमनकाळी चर्चमधील काही बाके महामारीविनाही रिकामी असतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणीच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सोबत लेकरे, भांडीकुंडी, कधी म्हातारी माणसेही. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. आगमनकाळ, नाताळ आणि बहुतांश उपवासकाळ उसाच्या फडात जातो. २०२० च्या वसंतात टाळेबंदीमुळे हे मजूर कारखान्यांवरच अडकून पडले होते. एप्रिलमध्ये शासनाने त्यांना परतण्याची मुभा दिली आणि ऑक्टोबरात नवा हंगाम सुरू होताच ते पुन्हा निघाले. पन्नासांच्या यादीत आपले नाव बसेल की नाही, ही चिंता त्यांना शिवलीही नाही. शहरातील भाविकांना एका वर्षी जे दुःख झाले, ते या कुटुंबांच्या वाट्याला दर वर्षी येते. आणि त्यासाठी कोणी आज्ञापत्र काढत नाही.

वास्तविक ख्रिस्तसभेच्या कायद्यात याची सोय आहे. धर्मविधीसंहितेच्या १०२ व्या कलमानुसार एखाद्या ठिकाणी तीन महिने राहण्याच्या हेतूने आलेला मनुष्य तेथील अंशनिवासी ठरतो, आणि १०७ व्या कलमानुसार तेथील प्रमुख धर्मगुरू त्याचेही धर्मगुरू होतात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. म्हणजे अहिल्यानगरच्या फडावर गेलेले कुटुंब नाशिक धर्मप्रांताच्या मेंढपाळांकडे, तर सांगलीकडे गेलेले पुणे धर्मप्रांताच्या मेंढपाळांकडे सोपवलेले असते. मात्र ते तेथे आले आहे, हे तेथील फादरांना कळवणार कोण? कोपीवरच्या माणसाला जवळचे चर्च कोठे आहे हे ठाऊक नसते, आणि मुकादम रविवारची सुट्टी देत नाही.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या आगमनकाळात, एसटीचा दीर्घ संप सुरू होता. ज्यांना मिस्सेला यायचे होते, त्यांना गाडीच नव्हती. अंतर ही आपल्या भागाची जुनी व्याधी आहे आणि ती लसीने जात नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या आपल्या धर्मप्रांतातील प्रत्येक धर्मग्रामाने दिवाळीपूर्वी एक वही करावी. कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर निघाले, सोबत बाप्तिस्मा किंवा प्रथम ख्रिस्तप्रसाद राहिलेली किती लेकरे आहेत, फोन कोणाकडे आहे, एवढे तिच्यात असावे. त्या वहीची एक प्रत नाशिक आणि पुणे धर्मप्रांतांकडे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपूर्वी पोहोचावी. कारखाना परिसरातील एखादे फादर किंवा सिस्टर नाताळच्या आठवड्यात एका सायंकाळी, फडावरचे काम संपल्यावर, कोप्यांवर जाऊ शकतील. तेथे पन्नास माणसे सहज जमतील.