यानातले पोहे कोण करतं?

फेब्रुवारी 2023 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या वर्ध्यात भरलं, 96 वं. पुस्तकांच्या गाळ्यांवर मी एकच चौकशी करत हिंडले: बाईपण आणि पुरुषपण यांची वाटणीच वेगळी असलेलं जग उभं करणारी मराठी विज्ञान कादंबरी आहे का? एका गाळेवाल्या दादांनी शांतपणे ऐकलं आणि परग्रहवासीयांचं एक पुस्तक हातात ठेवलं. ‘यात लेडीज कॅरेक्टर आहे, ताई.’ होतं खरं. शास्त्रज्ञाची मुलगी. तिला प्रश्न पडायचे आणि बाबा उत्तरं द्यायचे.

मराठी विज्ञानकथेचं माझं वाचन बहुतेक असंच गेलं. यान प्रकाशाच्या वेगाला टेकतं, मेंदूची अदलाबदल होते, काळ उलटा फिरतो, आणि सकाळी प्राध्यापक महाशयांना चहा मात्र ‘सौ.’च आणून देते. गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडायला आमचे लेखक तयार. स्वयंपाकघराचा नियम मोडायची त्यांना छाती होत नाही.

जयंत नारळीकरांबद्दल वाकडं बोलायला जीभ धजत नाही, तरी बोलते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. म्हणजे आधुनिक मराठी विज्ञानकथेची ही गाजलेली सुरुवात एका विदुषीच्या हस्ताक्षरात झाली. त्याच काळात अमेरिकेत ॲलिस शेल्डन ही बाई ‘जेम्स टिपट्री ज्युनियर’ या पुरुषी नावानं विज्ञानकथा लिहीत होती, आणि रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारखा जाणता लेखक हे लिखाण पुरुषाचंच असा निर्वाळा देऊन बसला होता. 1977 च्या सुमारास बिंग फुटलं. तिकडे त्यावर आजही वाद रंगतात. इकडे हस्ताक्षराचा किस्सा ऐकून हसायचं आणि विषय संपवायचा.

नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मला आवडते. विश्वासरावांच्या अंगावरची गोळी हुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या वाटेनं जातो. पण त्या दुसऱ्या हिंदुस्थानात विधवांचं केशवपन थांबलं का, मुली कधी शिकल्या? हे बघायला पंतांना फुरसत नाही. ते पुस्तकांत लढाई शोधतात. मेघश्री दळवींसारख्या बायका आज विज्ञानकथा लिहितात, हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार त्यांच्याआधीच्या आणि भोवतीच्या गर्दीशी आहे.

उर्सुला ले ग्विननं 1969 मध्ये ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ लिहिली. गेथेन ग्रहावरची माणसं महिन्यातले बरेच दिवस ना बाई ना पुरुष. मग थोडे दिवस यांतलं काहीही. तिथला राजा गरोदर राहतो. या माणसांना तिनं ‘तो’ म्हटलं म्हणून टीका झाली आणि पुढे तिलाही ती पटली. ॲन लेकीनं 2013 मध्ये ‘ॲन्सिलरी जस्टिस’मध्ये सरसकट सगळ्यांना ‘ती’ करून टाकलं. इंग्रजीत भांडण एका सर्वनामापुरतं. आपल्याकडे ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडत नाही! कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही. मूल ‘ते’, आणि आदरणीय सासरेही ‘ते’. एवढं घबाड व्याकरणानं ताटात वाढून दिलंय, आणि आमच्या लेखकानं कधी एक घास उचललेला मला दिसला नाही. नारळीकर तर कोल्हापुरात जन्मलेले.

आणि अशा कादंबरीसाठी साहित्य कुठे शोधायचं? सांगते. पवनारला, धाम नदीच्या काठी. विनोबांनी 25 मार्च 1959 ला तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांसाठी. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या बायका. वर मठाधिपती नाही. निर्णय सर्वानुमते, म्हणजे एकीचं जरी पटलं नाही तरी थांबायचं. शेती, झाडलोट, स्वयंपाक सगळं आपलं आपण. ‘मैत्री’ नावाचं हिंदी मासिकही त्यांनीच चालवलं. थोडे पुरुषही राहिले, पण कारभार बायकांचा. हीच गोष्ट परग्रहावर घडली असती तर तिच्यावर परिसंवाद झाले असते. वर्धा जिल्ह्यात घडली म्हणून तिची सहलीची जागा झाली: मूर्ती पाहा, नदीत पाय बुडवा, भजी खा.

मी काही आरती ओवाळत नाही. या स्वातंत्र्याची अट आजन्म ब्रह्मचर्य आहे. शरीर दाराबाहेर ठेवलं की बाई माणूस होते, हा सौदा मला पटत नाही. ले ग्विनच्या गेथेनवर शरीर शाबूत असतं. शार्लट पर्किन्स गिलमननं 1915 च्या ‘हरलँड’मध्ये पुरुषाविना गर्भ राहतो असं लिहून पुढच्या पिढीचा प्रश्न मिटवला. पवनारच्या बहिणींना ती सोय नव्हती. आता बऱ्याच जणी म्हाताऱ्या झाल्यात. जन्म न देणारं, सत्ता न मानणारं जग आपला वारसा कुणाच्या हाती देतं? अहो, ही कादंबरी आहे. सुटी, आयती, नदीकाठी पडलेली.

बाई-पुरुषाच्या वाटणीला प्रश्न विचारणं विदर्भाला नवं नाही बावा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्ये छापली. तिकडे बंगालच्या रुकैया सखावत हुसेननं 1905 मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ लिहून पुरुषांना मर्दानखान्यात कोंडलं आणि बायकांकडून सूर्याच्या उष्णतेवर राज्य चालवून घेतलं. दोघींकडे ना प्रयोगशाळा होती, ना विज्ञानाची पदवी. आमच्या लेखकांकडे दोन्ही आहे, आणि त्यांच्या तेविसाव्या शतकातही सून सासूला विचारून बाहेर जाते.

दिवाळी अंकांच्या संपादकांनो, पुढची कथा स्वीकारण्याआधी लेखकाला एवढंच विचारा: यानातले पोहे कोण करतं? उत्तर आलं नाही तर कथा साभार परत. आणि लेखकमहाशय, तुम्ही एकदा इकडे या. पवनार वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर आहे, आठ-दहा किलोमीटर.