एक रूळ, दोन इंजिनं

सुरुवातीलाच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. पण विषय आपल्या बीडचा आहे, म्हणून मराठीतच लिहायचं ठरवलं.

17 सप्टेंबर 2025 ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. परळीला रेल्वे जुनीच, पण बीड शहराने तिची फार वाट पाहिली. आमचे आजोबा तर "रेल्वे येणार, रेल्वे येणार" ऐकतच म्हातारे झाले! त्या आनंदात आम्ही चौघींनी गॅदरिंगच्या प्रदर्शनात रेल्वेचं मॉडेल मांडलं. थर्माकोलचं बीड स्टेशन, गोल रूळ, 12 व्होल्टचा डीसी सप्लाय आणि दोन इंजिनं.

आणि झाला फज्जा! नॉब फिरवला तर दोन्ही इंजिनं एकदम सुटली. मागचं जरा हलकं होतं, ते पुढच्या गाडीवर जाऊन आदळलं. तेही पाहुण्यांसमोर. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अगं, अजून एक अ‍ॅडॅप्टर लावा की!" आम्ही भावी इंजिनीअर, तोही लावला. अ‍ॅडॅप्टर तापला, इंजिनं होती तशीच.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. पॉवर कमी नव्हतीच. साध्या डीसी मॉडेलमध्ये रूळ हीच वायर असते. रुळावर जे व्होल्टेज, ते त्यावरच्या प्रत्येक मोटरला मिळणार. मग एकीला "थांब" आणि दुसरीला "चल" सांगायचं कसं?

याला उपाय दोन. पहिला जुना : रुळात मध्ये मध्ये गॅप ठेवून ब्लॉक पाडायचे आणि प्रत्येक ब्लॉकला वेगळं स्विच द्यायचं. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. गंमत म्हणजे खरी रेल्वेही याच नियमाने अपघात टाळते! दुसरा उपाय डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990 च्या दशकात तो प्रमाण ठरवला. यात रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, फक्त त्याची दिशा सारखी उलटसुलट होते. दर 58 मायक्रोसेकंदाला उलटली तर "1", 100 ला उलटली तर "0". त्यातून संदेश तयार होतो : "3 नंबरच्या इंजिना, हळू चल." प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो. तो फक्त आपल्या नंबरचा हुकूम पाळतो. वीज सगळ्यांना सारखी, हुकूम मात्र ज्याचा त्याला!

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं असं की असं एक लेआउट आपल्या लॅबमध्ये कायमचं हवं. काही जण म्हणतील, हा पोरखेळ आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे एकाच लेआउटवर कितीतरी गाड्या धावताना बघा, मग बोला. मोटर, सप्लाय, शॉर्ट सर्किट, कम्युनिकेशन, प्रोग्रॅमिंग... आपले निम्मे विषय त्या एका टेबलावर आहेत.

खर्च? परदेशी संच नकोच. डीसीसी++ नावाची मोफत प्रणाली साध्या आर्डुइनोवर आणि मोटर शील्डवर चालते. आर्डुइनो तर आपल्या कपाटात धूळ खात पडलेत! डिकोडर तेवढे आणावे लागतील. दरवर्षी रेडीमेड प्रोजेक्ट आणून वर आपलं नाव चिकटवण्यात जे पैसे जातात, त्यात हे सहज बसेल. पण आधी ब्लॉक आणि स्विचवालंच करू या. हाताने स्विच मारताना एकदा तरी गाडी धडकली पाहिजे. आमची धडकली म्हणून तर हे सगळं कळलं. रेडीमेड प्रोजेक्ट कधी धडकतच नाही!

रेल्वे आली, आता तिकीट काढून सगळेच बसतील. पण त्याच रेल्वेच्या सिग्नलच्या खोलीत उद्या बीडची मुलं-मुली दिसायला नकोत का? आजोबांच्या पिढीने वाट पाहिली. आपणही नुसती वाटच पाहायची का?

बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी